‘मे’ की ‘शॅल’? : एका क्रियापदाची पाच वर्षे

एप्रिल १९६३ मध्ये गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी लोकसभेत राजभाषा विधेयक मांडले. विधेयक लहानसेच होते आणि सगळा वाद त्याच्या तिसऱ्या कलमात होता. राज्यघटनेने ठरवून दिलेली १५ वर्षांची मुदत संपल्यावरही हिंदीच्या जोडीने इंग्रजीचा वापर चालू राहू शकेल, असे ते कलम सांगत होते. या वाक्यातल्या ‘राहू शकेल’साठी विधेयकाच्या इंग्रजी मसुद्यात एकच तीन अक्षरी क्रियापद होते : ‘मे’. ते काढून तिथे ‘शॅल’ घाला, अशी मागणी झाली, आणि पुढची पाच वर्षे हा देश त्या एका शब्दाभोवती फिरत राहिला. त्यात माणसे मेली, मंत्र्यांनी राजीनामे दिले, एका राज्यात सत्ता पालटली. इंग्रजीचे भारतात काय करायचे हे ठरवण्यासाठी एका इंग्रजी क्रियापदाचा कीस काढावा लागला, यातला विनोद त्या काळात फारसा कोणाला सुचला नसावा. तशी वेळच नव्हती.

गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. १४ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने भाषेचा तोडगा मान्य केला. कन्हैयालाल मुनशी आणि एन. गोपालस्वामी अय्यंगार या दोघांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यातूनच आजचा अनुच्छेद ३४३ आला. त्याची रचना बारकाईने पाहिली तर पुढच्या भांडणाचे बी तिथेच सापडते. संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी राहील : इथे ‘शॅल’. पहिली १५ वर्षे इंग्रजी पूर्वीप्रमाणे चालू राहील : इथेही ‘शॅल’. त्यानंतर इंग्रजीच्या वापरासाठी संसद कायदा करू शकेल : इथे मात्र ‘मे’. म्हणजे हिंदीचा हक्क पक्का, इंग्रजीचा मुदतीपुरता पक्का, आणि मुदतीनंतरचे सगळे त्या वेळच्या संसदेच्या मर्जीवर. २६ जानेवारी १९६५ ही तारीख अशी घटनेतच लिहिली गेली होती.

मधल्या काळात आयोग नेमला गेला. १९५५ च्या या राजभाषा आयोगाचे अध्यक्ष आपले बाळ गंगाधर खेर होते, मुंबई प्रांताचे माजी मुख्यमंत्री. आयोगाचा कल हिंदीकडे जाण्याच्या बाजूचा होता. पण सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन या दोघा सभासदांनी आपली वेगळी मते जोडली, आणि त्या भिन्नमतपत्रिका आज मूळ अहवालापेक्षा जास्त आठवल्या जातात. मग गोविंद वल्लभ पंतांची संसदीय समिती आली. मग ऑगस्ट १९५९ मध्ये, इंग्रजीला आठव्या अनुसूचीत जागा द्यावी या फ्रँक अँथनी यांच्या ठरावावर बोलताना, पंतप्रधान नेहरूंनी ते आश्वासन दिले ज्याचा पुढे सर्वांनी हवाला दिला. हिंदी कोणावर लादली जाणार नाही, इंग्रजी जोडभाषा म्हणून लोकांना हवी असेल तितका काळ राहील, आणि ती केव्हा जावी हे हिंदी न बोलणाऱ्या लोकांनीच ठरवायचे, असा त्याचा आशय होता.

आश्वासन स्पष्ट होते. १९६३ चे विधेयक हेच आश्वासन कायद्यात उतरवण्यासाठी आणले आहे, असे सरकार म्हणत होते. मग कायद्यात उतरताना त्याचे ‘मे’ कसे झाले?

नेहरूंचे उत्तर असे की, या जागी ‘मे’चा अर्थ ‘शॅल’च आहे. हे उत्तर ऐकून दक्षिणेकडच्या खासदारांचे समाधान झाले नाही. ‘मे’चा अर्थ ‘मे नॉट’ असाही होतो, हे त्यांना दिसत होते. फ्रँक अँथनी तेच म्हणत होते. राज्यसभेत नव्याने आलेले द्रविड मुन्नेत्र कळघमचे सी. एन. अण्णादुराई यांचा मुद्दाही हाच होता. दोन्हींचा अर्थ एकच असेल, तर ‘शॅल’ लिहायला अडचण काय? या प्रश्नाला विधेयकाच्या बाजूने शेवटपर्यंत नीट उत्तर मिळाले नाही. १० मे १९६३ रोजी कायदा झाला तो ‘मे’सकटच. (महिन्याचा योगायोग सोडून द्यावा.)

आता या दोन क्रियापदांकडे जरा वळू, कारण त्यांचा इतिहास या भांडणाला चांगलाच लागू पडतो.

‘मे’ हे आज इंग्रजीतले फार सौम्य क्रियापद आहे. परवानगी, शक्यता, सदिच्छा, इतकेच त्याचे काम. पण जुन्या इंग्रजीत त्याचे मूळ ‘मागान’ असे होते आणि त्याचा अर्थ अंगात बळ असणे, ताकद असणे, असा होता. ‘माइट’ हे बळाचे नाम त्याच कुळातले. जर्मन भाषेत सत्तेसाठी जो ‘माख्ट’ शब्द आहे तोही याच घरचा. त्या काळी एखादा मनुष्य दगड उचलू ‘मे’ म्हटले, की तो खरोखरच उचलेल एवढे बळ त्याच्यात आहे, असे समजायचे. पुढे ‘कॅन’ने ही जागा घेतली. ‘कॅन’चा मूळ अर्थ जाणणे, ठाऊक असणे. ज्याला माहीत आहे त्याला जमते, अशा वाटेने ते बळाच्या प्रदेशात शिरले आणि ‘मे’ला तिथून बाहेर काढले. बळ गेल्यावर ‘मे’कडे उरली ती शक्यता आणि परवानगी.

मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटायला नको. आपले ‘शकणे’ संस्कृत ‘शक्’ धातूवरून आले, ज्या धातूतून ‘शक्ती’ आली. ‘तो पाच मैल चालू शकतो’ यात ते बळ अजून आहे. ‘आज पाऊस येऊ शकतो’ यात बळ कोणाचेच नाही, नुसती शक्यता आहे. ‘आता तुम्ही जाऊ शकता’ यात परवानगी आहे. ही परवानगी अलीकडची, आणि माझ्या कानाला अजून थोडी कचेरीतली वाटते. आधीची माणसे ‘जायला हरकत नाही’ म्हणत. पण उतरणीची दिशा तीच : बळ, शक्यता, परवानगी.

‘शॅल’ची कथा याच्या अगदी उलट बाजूची. जुन्या इंग्रजीत ‘शॅल’ म्हणजे ऋण असणे, देणे असणे. अमक्याला मी इतकी नाणी ‘शॅल’, म्हणजे इतकी नाणी देणे लागतो. जर्मनमध्ये कर्ज आणि अपराध या दोन्हींसाठी ‘शुल्ट’ हा एकच शब्द आहे, तो याच मुळाचा. देणे असले की फेडावे लागते. म्हणून ‘शॅल’ कर्तव्याचे क्रियापद झाले, आणि जे करणे बांधील आहे ते होणारच, म्हणून पुढे भविष्यकाळाचेही झाले. इथेही मराठी जवळच उभी आहे. ‘मी तुमचे शंभर रुपये देणे लागतो’ आणि ‘मला जावे लागते’, ही दोन वाक्ये एकाच ‘लागणे’वर चालतात. कर्ज आणि सक्ती यांच्यासाठी आपणही एकच क्रियापद ठेवले आहे, आणि ते आपल्याला कोणी शिकवले नाही.

तेव्हा ‘मे’च्या तळाशी आहे सत्ता आणि ‘शॅल’च्या तळाशी आहे ऋण. १९६३ मध्ये दिल्ली म्हणत होती, इंग्रजी चालू ठेवण्याची ताकद आम्ही कायद्याने घेतो आहोत. मद्रास म्हणत होते, ताकद नको, तुम्ही आम्हाला देणे लागता ते लिहून द्या. त्या सभागृहात कोणी जुने इंग्रजी काढून बसले नव्हते. पण शब्दांच्या अंगात मुरलेले अर्थ वापरणाऱ्याला ठाऊक नसले तरी काम करत राहतात.

शिवाय भारतातल्या मुलाची ‘मे’शी पहिली ओळख कुठे होते, हेही पाहण्यासारखे आहे. वर्गाच्या दाराशी. ‘मे आय कम इन, सर?’ उंबऱ्याबाहेर उभे राहून आत येण्याची परवानगी मागण्याचे ते वाक्य, शाळेतल्या पहिल्या चार इंग्रजी वाक्यांपैकी एक. त्या ‘मे’चे उत्तर ‘नो’ असू शकते, हे प्रत्येक मुलाला माहीत असते.

नेहरूंचे म्हणणे मात्र हवेतले नव्हते. ते इनर टेम्पलचे बॅरिस्टर होते, आणि ‘मे’ म्हणजे ‘शॅल’ हा इंग्रजी कायद्यातला जुना, प्रतिष्ठित सिद्धांत आहे. १६९३ सालचा बार्लो खटला त्याचे नेहमीचे उदाहरण. शिपायांनी सार्वजनिक कामात पदरचे पैसे घातले, तर ते भरून देण्यासाठी चर्चचे वॉर्डन आणि गरिबांचे पर्यवेक्षक कर बसवू शकतील, असा दुसऱ्या चार्ल्सच्या काळातला कायदा होता. बार्लो आणि मंडळींनी कर बसवला नाही. कायद्यात ‘मे’ आहे, मग सक्ती कुठली, हा त्यांचा बचाव. न्यायालयाने तो मानला नाही. न्यायासाठी किंवा लोकहितासाठी एखादी गोष्ट करण्याचा अधिकार दिला असेल, तर तिथे ‘मे’ म्हणजे ‘शॅल’च, असा निकाल झाला.

मात्र दोनशे वर्षांनी, १८८० मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर ऑक्सफर्डच्या बिशपचा खटला आला तेव्हा गोष्ट इतकी सोपी राहिली नाही. एका पाद्र्याच्या पूजाविधींबद्दल तक्रार होती. बिशपने चौकशी बसवावी अशी ज्युलिअस नावाच्या गृहस्थांची मागणी. कायद्याचे शब्द असे की चौकशी नेमणे बिशपला विधिसंमत राहील. गंमत म्हणजे इथे अक्षरे ‘शॅल’ची होती आणि अर्थ ‘मे’चा. लॉर्ड्सनी ठरवले की असे शब्द फक्त अधिकार देतात. तो अधिकार वापरणे कर्तव्य आहे की नाही, हे शब्दात नसते. अधिकार कोणासाठी दिला, कशासाठी दिला, कोणत्या परिस्थितीत, यावरून ते शोधावे लागते. या खटल्यात ते कर्तव्य सापडले नाही आणि बिशप सुटले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही हात वापरले आहेत. १९५७ मध्ये मनबोधन लाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात प्रश्न होता, लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल’ घेतला जाईल असे घटनेत लिहिले असताना तो न घेता केलेली कारवाई रद्द होते का. होत नाही, असा निकाल झाला. तिथे ‘शॅल’ बंधनकारक ठरले नाही. उलट १९६३ मध्ये, म्हणजे राजभाषा कायद्याच्याच वर्षी, जोगेंद्र सिंह यांच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी ‘मे’ला ‘शॅल’ केले. सरकारी नोकराने मागणी केल्यास राज्यपाल त्याचे प्रकरण न्यायाधिकरणाकडे सोपवू शकतील, असा उत्तर प्रदेशाचा नियम होता. इथे राज्यपालांना मोकळीक नाही, नोकराने मागितले की सोपवावेच लागेल, असे त्यांनी ठरवले. म्हणजे दिल्लीत संसदेत जो अर्थ वादाचा झाला होता, तो त्याच शहरात न्यायालयाने त्याच साली एका साध्या नियमातून काढून दाखवला.

मग नेहरूंवर विश्वास ठेवायला काय हरकत होती? हरकत अशी की न्यायालयाचा अर्थ भांडण झाल्यावर मिळतो. कोणीतरी आधी इंग्रजी बंद करणार, कोणाचे तरी त्यात नुकसान होणार, मग तो न्यायालयात जाणार आणि न्यायाधीशांना वाटले तर ‘मे’चे ‘शॅल’ होणार. मद्रासच्या एखाद्या पदवीधराला, ज्याला केंद्र सरकारच्या नोकरीची परीक्षा इंग्रजीतून द्यायची होती, त्याला एवढा धीर कुठून असणार? आणि दुसरी हरकत सर्वांना माहीत होती, पण सभ्यतेमुळे कोणी मोठ्याने म्हणत नसे. ‘मे’ म्हणजे ‘शॅल’, ही हमी एका माणसाची होती, आणि तो माणूस तेव्हा ७३ वर्षांचा होता.

नेहरू २७ मे १९६४ रोजी गेले. ज्या शास्त्रींनी विधेयक मांडले होते तेच पंतप्रधान झाले. दरम्यान नोव्हेंबर १९६३ मध्ये घटनेतील भाषाविषयक भाग जाळण्याच्या आंदोलनासाठी अण्णादुराईंना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. २५ जानेवारी १९६४ रोजी तिरुचिरापल्लीत चिन्नसामी या तरुणाने स्वतःला जाळून घेतले. वर्षभराने मुदत संपली. २६ जानेवारी १९६५ हा प्रजासत्ताक दिन द्रमुकने शोकदिन म्हणून पाळायचे जाहीर केले. आदल्या दिवशी मदुराईत विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली आणि ती राज्यभर पसरली. पुढच्या दिवसांत आणखी काहींनी आत्मदहन केले, गोळीबार झाले. सरकारी अंदाजानुसार सुमारे ७० माणसे मेली. ११ फेब्रुवारीला सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन या दोन केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्याच रात्री शास्त्रींनी आकाशवाणीवरून नेहरूंच्या आश्वासनांचा पुनरुच्चार केला आणि आग हळूहळू निवली. पण आश्वासन पुन्हा तोंडीच होते. कायद्यातला शब्द जागचा हलला नव्हता.

शास्त्री जानेवारी १९६६ मध्ये गेले. १९६७ च्या निवडणुकीत मद्रासमध्ये काँग्रेसचा पाडाव झाला आणि अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. त्या वर्षाच्या अखेरीस दुरुस्ती विधेयक संसदेत आले तेव्हा गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. दोन्ही बाजूंनी मारा होता. उत्तरेत विद्यार्थी इंग्रजी पाट्यांना डांबर फासत होते. दक्षिणेला विधेयकाबरोबरच्या भाषाविषयक ठरावात त्रिभाषा सूत्राच्या रूपाने हिंदी परत येताना दिसत होती. डिसेंबर १९६७ मध्ये संसदेने विधेयक मंजूर केले, आणि जानेवारी १९६८ मध्ये राष्ट्रपतींची सही होऊन ते त्या वर्षाचा पहिला अधिनियम म्हणून नोंदले गेले.

या दुरुस्तीने ‘मे’चे ‘शॅल’ केले, असे सर्रास लिहिले जाते. कायदा उघडून पाहिला तर तसे नाही. कलम ३ च्या पहिल्या पोटकलमात, जिथे वाद सुरू झाला होता अगदी त्याच ठिकाणी, ‘मे’ आजही आहे. चव्हाणांच्या विधेयकाने ते खोडले नाही. त्याच्याभोवती परंतुके आणि पोटकलमे उभी केली, आणि ती ‘शॅल’ने भरली. हिंदी न स्वीकारलेल्या राज्याशी केंद्राचा पत्रव्यवहार इंग्रजीत होईल : ‘शॅल’. हिंदी राज्याने अशा राज्याला हिंदीत लिहिले तर सोबत इंग्रजी अनुवाद असेल : ‘शॅल’. ठराव, अधिसूचना, नियम, करार दोन्ही भाषांत निघतील : ‘शॅल’. आणि पाचवे पोटकलम, जे मला या सर्वांत महत्त्वाचे वाटते : हिंदी राजभाषा म्हणून न स्वीकारलेल्या सर्व राज्यांच्या विधानमंडळांनी इंग्रजी थांबवण्याचे ठराव केले, आणि नंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनीही तसा ठराव केला, तरच ही तरतूद संपेल, तोवर ती चालू राहील. नेहरूंनी १९५९ मध्ये तोंडी म्हटलेले इथे कागदावर आले. ‘मे’ जागेवरच राहिले, पण ‘नाही’ म्हणायचा अधिकार दिल्लीकडून काढून राज्यांकडे दिला गेला. त्या ‘सर्व राज्यां’त महाराष्ट्रही येतो, कारण महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ने इथली राजभाषा मराठी ठरवली. म्हणजे विधान भवनातल्या ठरावाशिवाय हे कलम हलत नाही, ही गोष्ट मराठी माणसाच्या फारशी बोलण्यात नसते.

उरतो तो अनुवाद. घटनेनुसार केंद्रीय कायद्यांचा प्रमाण पाठ इंग्रजी आहे; पण हिंदी आणि मराठी पाठ असतातच, आणि तिथे या दोन क्रियापदांची पुन्हा परीक्षा होते. हिंदीने ‘मे’साठी ‘सकेगा’, ‘सकेगी’ हे ठरवले, आणि ‘शॅल’साठी साधा भविष्यकाळ. मराठीनेही तेच केले : ‘मे’ला ‘करू शकेल’, ‘करता येईल’, ‘शॅल’ला ‘करील’, ‘असेल’, ‘राहील’. पहिला भाग ठीक आहे. ‘शकेल’मध्ये ‘मे’ची सत्ता आणि मोकळीक दोन्ही येतात. दुसऱ्या भागात मात्र गडबड आहे. ‘अण्णा घरी असतील का?’ ‘असतील.’ या उत्तरात हमी कोणती? मराठीत ‘असेल’ हा अंदाजाचा शब्द आहे. ‘झाले असेल’, ‘गेला असेल’, ‘म्हणाला असेल’. हिंदीच्या ‘होगा’चेही तसेच. ज्या शब्दात इंग्रजीने सर्वांत कडक बंधन बसवले, त्याला आपण आपल्या भाषेतला सर्वांत सैल शब्द दिला. कायद्याच्या मराठीत वावरणाऱ्याला त्याची सवय होते, तो ‘असेल’ वाचून ‘असलेच पाहिजे’ समजतो. नव्या वाचकाला ते सांगावे लागते. ‘लागणे’ हे आपले ऋणाचे क्रियापद या कामी का घेतले नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. ‘इंग्रजी अनुवाद जोडावा लागेल’ यात शंकेला जागा नसते.

१९७६ मध्ये राजभाषा कायद्याखाली नियम झाले. त्यांत देशाचे ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ असे तीन प्रदेश पाडले. गुजरात आणि पंजाबबरोबर महाराष्ट्र ‘ख’मध्ये गेला. या प्रदेशातल्या राज्य सरकारला केंद्राची पत्रे ‘सामान्यतः’ हिंदीत जातील, इंग्रजीत गेली तर सोबत हिंदी अनुवाद असेल, असे तिथे लिहिले आहे. ‘सामान्यतः’ हा आणखी एक लवचीक शब्द, आणि त्यावर आपल्याकडे कधी कोणी हरकत घेतली नाही. याच नियमांच्या पहिल्या नियमात त्यांची व्याप्ती दिली आहे : संपूर्ण भारत, तमिळनाडू राज्य वगळून.